तक्त्यावरचं बोट

“...मग चुकलं कुठं, सर?”

बागवान सर ट्रेडमिलच्या पट्ट्यावरून ओलं फडकं फिरवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा होता अभिनंदन चौगुले. व्यायामशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष, वर्गात पहिला, आणि आपण पहिले आहोत हे चालण्यातूनही कळू देणारा. आज मात्र तो प्रयोगशाळेच्या दारातच थांबला होता. दवाखान्यातून सरळ आला होता आणि अंगावरचे कपडे कालचेच होते.

या पदवीची आपल्याकडं पुष्कळ थट्टा होते. अभिनंदनच्या गावातही झाली. जोर-बैठका काढायला कॉलेज कशाला लागतंय, असं लोक पारावर बसून विचारायचे. पोलीस भरतीत छाती कमी पडली की पोरं तिकडं जातात, असंही कुणी म्हणायचं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण अभिनंदन हौसेनं आला होता. त्याचे वडील भूपाल चौगुले एसटीचे ड्रायव्हर. ते डेपोत भेटेल त्याला सांगत सुटले होते, की माझा पोरगा माणसाचं काळीज कसं चालतं ते शिकतोय.

पुढं त्यांचंच काळीज थकलं.

नोकरी सुटली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोसेल तेवढं चालू द्या म्हणाले. सोसेल तेवढं म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही. अभिनंदनला ते विचारावंसंही वाटलं नाही. त्याच्याकडं तक्ता होता.

हा तक्ता या शाखेतल्या प्रत्येकाला पाठ असतो. पुठ्ठ्यावर वरून खाली शब्द लिहिलेले... अगदी हलकं, हलकं, जरा जड, जड, फार जड, आणि तळाला ‘आता बास’. ट्रेडमिलवर पळणाऱ्याच्या तोंडाला श्वास मोजायचा मास्क लावलेला असतो, त्याला बोलता येत नाही. म्हणून त्याच्यापुढं तक्ता धरायचा. तो ज्या शब्दावर बोट ठेवील तो खरा मानायचा. तपासणाऱ्यानं शाब्बास म्हणायचं नाही, अजून थोडं म्हणायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा.

“मी सगळं नियमानं केलं,” अभिनंदन म्हणाला.

“नाडी?”

“गोळ्यांनी नाडी दाबलेली असते, सर. ती वाढतच नाही. अशा पेशंटला नाडी नाही बघायची, विचारायचं. तुम्हीच शिकवलंय.”

“मीच शिकवलंय,” सर म्हणाले, आणि फडकं पिळून बादलीवर टाकलं.

मग अभिनंदननं सगळं सांगितलं. परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तसं, न अडखळता. रोज सकाळी तो वडिलांना, आण्णांना, शाळेच्या मैदानावर न्यायचा. आण्णा कडेनं चालायचे, हा मध्यभागी तक्ता घेऊन उभा. फेरी झाली की आण्णा यायचे आणि बोट ठेवायचे.

“कशावर?”

“हलकं.”

“दर वेळी?”

“दर वेळी. एकदाही खाली गेले नाहीत.”

हलकं आलं की भार वाढवायचा, हे पुस्तकात आहे. त्यानं फेऱ्या वाढवल्या. मग वेग वाढवला. तरी हलकंच. मग मंदिरामागचा चढ घेतला. त्या चढावर आण्णा खाली बसले, आणि त्यांना उठताच येईना. फुफ्फुसात पाणी झालं होतं. आता उद्या घरी सोडणार होते.

“डॉक्टर काय म्हणतात?”

अभिनंदननं ओठ आवळले. “काही उरलं नाही म्हणतात. आता त्रास होणार नाही एवढं बघा म्हणतात.” आणि थोडं थांबून म्हणाला, “त्यांना व्यायामातलं काय कळतंय?”

सरांनी बादली बाजूला सारली.

“माझं काहीतरी एका ठिकाणी चुकलंय, सर. तेवढं सापडलं की मी परत सुरू करतो. अगदी कमी भारापासून. तुम्ही फक्त एकदा नजर टाका. आण्णा चालतील. मी त्यांना चालवणार.”

हे तो मोठ्यानं बोलला. रिकाम्या प्रयोगशाळेत ते जरा जास्तच मोठं वाटलं.

सरांनी खिडक्या लावून घेतल्या. हात पुसले.

“चालताना बोलत होते का ते?”

“नाही. मीच सांगितलं होतं, बोलायचं नाही, नुसतं बोट ठेवायचं.”

“मास्क होता?”

“मैदानावर कुठला मास्क, सर...”

म्हणता म्हणता तो गप्प झाला. मास्क नव्हता. तरी त्यानं बापाला मुकं करून चालवलं होतं, कारण प्रयोगशाळेत तसंच करतात. चालणारा माणूस दोन वाक्यं बोलला असता तरी त्याची धाप बहिऱ्यालाही कळली असती. ही चूक पारावरच्या कुणाच्या हातून झाली नसती. ती करायला पदवीच लागते.

पण तो हुशार होता, आणि हुशार मुलाला एक चूक सापडली की त्याला वाटतं काम झालं. त्याचा चेहरा उजळला. म्हणजे बोलायला लावायचं होतं, असं तो घाईनं म्हणाला. एवढीच चूक. उद्यापासून बोलायला लावतो. तो निघायलाही वळला.

“थांब,” सर म्हणाले. “भिंतीला पाठ लाव. खुर्चीत बसतोस तसा बस. खुर्ची नाही असं समज.”

अभिनंदन बसला. मांड्या आडव्या, पाठ ताठ. हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवातीला काहीच वाटत नाही.

सरांनी खुंटीवरचा तक्ता काढला आणि स्टूल ओढून समोर बसले. चेहरा कोरा.

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली, मुलं पांगली. थोड्या वेळानं तक्ता पुढं आला.

अभिनंदननं बोट ठेवलं. हलकं.

सर थांबले. मांड्या तापायला लागल्या होत्या. गुडघ्याच्या वर काहीतरी थरथरत होतं, आणि ते पँटवरून दिसत होतं. सरांनी तिकडं पाहिलं नाही. ते त्याच्या डोळ्यांकडं बघत होते, आणि कोऱ्या चेहऱ्यातही नेहमीचं कौतुक लपत नव्हतं. हा मुलगा त्यांचा लाडका होता आणि ते त्याला माहीत होतं.

तक्ता पुढं आला.

हलकं.

आता घाम हनुवटीवरून गळायला लागला. श्वास नाकातून पुरेना, पण तोंड उघडायला तो तयार नव्हता. मांड्यांत कुणी निखारे भरावेत तशी आग होत होती.

तक्ता पुन्हा पुढं आला. अभिनंदननं हात उचलला. बोट कापत होतं. ते खाली जाईल असं एक क्षण वाटलं...

हलकं.

आणि पाय सुटले. तो भिंतीवरून घसरत जमिनीवर आपटला.

बराच वेळ नुसता त्याच्या श्वासाचा आवाज येत राहिला.

“हलकं होतं?”

“नाही.”

“मी अजून थोडं म्हणालो का?”

“नाही.”

“मग?”

अभिनंदन मान खाली घालून बसला. तसाच म्हणाला, “तुमच्यापुढं... कसं सांगायचं, सर.”



आणि मग ते त्याला कळलं. फेरी संपवून येणारे आण्णा त्याला दिसले. जवळ येण्याआधी ते थोडं अलीकडं थांबायचे, चपलेत खडा गेल्यासारखं वाकायचे, आणि मग हसत यायचे. खडा कधी सापडल्याचं त्याला आठवेना. दम खाऊन चेहरा नीट करायला ते वाकत होते. समोर पोरगा उभा होता, शिकलेला, हातात तक्ता घेऊन. त्याच्यापुढं कुठला बाप ‘आता बास’वर बोट ठेवील?

“काल नर्स हसत होती,” तो म्हणाला. “म्हणाली, तुमचे वडील सारखं विचारतात कधी सोडणार म्हणून. पोराची परीक्षा ऱ्हायलीय, माझ्या चालण्यावर हाय, असं सांगतात. मला वाटलं, आण्णांना किती उमेद आहे... सर, मी डेपोत सांगून आलो होतो. गोळ्यांनी झालं नाही ते मी करून दाखवतो म्हणून. आण्णा तिथं शेजारीच उभे होते.”

तो रडला. लाज न बाळगता रडला. आपल्या हातानं आपण बापाला त्या चढावर चढवलं, हे आता कुठल्याही पुस्तकानं पुसलं जाणार नव्हतं.

सरांनी त्याला रडू दिलं.

“बरे होतील का, सर?”

“नाही.”

काळोख पडत चालला होता. दिवा लावायला कुणी उठलं नाही.

उद्या घरी आले की चालू नका म्हणून सांगतो, असं अभिनंदन म्हणाला. सरांनी विचारलं, ऐकतील? त्यानं विचार केला. ऐकणार नव्हते. पोरगा नापास होईल म्हणून, किंवा पोरानं आपल्यावरची आशा सोडली म्हणून, तो उठायच्या आत ते एकटेच चढावर गेले असते. मग परीक्षा झाली म्हणून सांगतो, तो म्हणाला. आणि लगेच त्याचं त्यालाच कळलं, की आण्णा निकाल विचारतील, आणि निकाल चांगला आहे म्हटलं तर आनंदानं आणखी एक फेरी जास्त मारतील.

“मग मी करू काय? चालवलं तरी जाणार. अडवलं तरी तुटणार. एवढं शिकून मला माझ्या बापाला साधं बसवता येत नाही, सर.”

सर स्टुलावरून उठले. निवृत्तीला आलेला माणूस, गुडघे कधीच गेलेले. भिंतीचा आधार घेत, कण्हत, ते त्याच्या शेजारी जमिनीवर टेकले. पाय पसरले. तोंड उघडं टाकून मोठमोठ्यानं श्वास घेतला, विद्यार्थ्यासमोर आपली ऐट सांभाळायचं त्यांना काही कारण उरलं नसल्यासारखा.

अभिनंदननं इतका वेळ ताठ धरलेली पाठ सैल सोडली. मांड्या चोळल्या. “फार दुखतंय,” तो म्हणाला.

सरांनी मान हलवली.

दोघं तसेच बसून राहिले. तक्ता स्टुलावर होता, आणि अंधारात त्याच्यावरचे शब्द दिसत नव्हते.

“उद्या त्यांच्याबरोबर चाल,” सर म्हणाले. “आणि त्यांच्याआधी तू दमायचंस.”