टेशनच्या डोंगरावरची हाक

कुरुंजवाडीच्या पाठीशी जो बोडका डोंगर उभा आहे, त्याचे नाव टेशन. पाहुणे हसतात. रेल्वे इथून वीस कोस लांब, मग टेशन कसले? गावातले धोंडूबाबा उघडे त्यांना पोटभर हसू देतात आणि मग सांगू लागतात.

इंग्रज साहेब मुलूख मोजायला आला, तेव्हाची गोष्ट. दुर्बीण घेऊन तो समोरच्या डोंगरावर बसला आणि इकडच्या माथ्यावर निशाणाची काठी धरायला त्याने वाडीतला बुधा वारघडे लावला. साहेबाच्या मुन्शीने बुधाला बजावले, "ह्या जागेला स्टेशन म्हणायचं. साहेबाच्या बोलीत स्टेशन म्हणजे उभं राहायची जागा. तिकडून लाल निशाण हलेपर्यंत हलायचं नाही. काठी हातभर सरकली तर साऱ्या मुलखाचं माप चुकेल." बुधाने मान डोलावली. नुसते उभे राहण्यात कसली आलीय मर्दुमकी, असे त्याला वाटले.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी धुके चढले. बुधाला काठी धरलेली स्वतःची मूठही दिसेना, असे सांगतात. डाव्या हाताला दहा पावलांवर कडा. त्या कड्यावर चकवा राहतो, ओळखीच्या आवाजात हाक मारून माणसाला दरीत नेतो, हे त्याने आईच्या मांडीवर ऐकलेले. चकव्याला ओ द्यायची नाही. तो दोनदाच हाक मारतो. तिसरी हाक माणसाची.

आणि हाक आली. "आवं, कुठं हाये तुम्ही?"

आवाज हुबेहूब त्याच्या बायकोचा, सोमीचा. भाकर रोज त्याचा भाऊ आणायचा. सोमीने हा डोंगर कधी चढलेला नव्हता. त्याने काठी छातीशी कवटाळली आणि दातावर दात दाबून धरले.

"आवं, भाकर आणलीय. वाट दिसंना. ओ द्या की."

ही दुसरी, बुधा मनात म्हणाला, आता तिसरी आली की ओ देईन. कानात प्राण आणून तो उभा राहिला. तिसरी हाक आली नाही. तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला म्हणे. चकवाच होता, आपण वाचलो.

उन्हे कलता कलता धुके फाटले. समोर लाल निशाण हलले. बुधा काठी ठेवून वळला, तर कड्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीत एक फडके अडकलेले. भाकर त्यात बांधलेली तशीच होती.

साहेबाचे माप बिनचूक निघाले. बुधा मात्र पुन्हा घरी नांदला नाही. धुके उतरले की तो त्या माथ्यावरून ओरडत राही, "टेशन, टेशन." म्हणजे मी इथे उभा आहे, ह्या आवाजावर ये.

आजही या मुलखात धुक्यातल्या पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. फक्त कुरुंजवाडीत देतात. अंगावर काटा आला तरी "टेशन" म्हणून ओरडतात, आणि हाक मारणारा येऊन पोचेपर्यंत जागचे हलत नाहीत. धोंडूबाबा पुढे एवढेच सांगतात, की दर वेळी कोणी येऊन पोचतेच असे नाही.