महाराजांच्या मोटारीचा आरसा

"ड्रायव्हर आमच्याकडे पाठ करून बसतो? आमच्याकडे?"

कुरणगडच्या महाराजांना हे कळायला अर्धं आयुष्य लागलं. तेही दिवाण त्र्यंबकरावांनी कानात सांगितलं म्हणून. दरबारात महाराजांना पाठ दाखवायची कुणाची छाती नव्हती, आणि आजोबांच्या काळातल्या मोटारीत हैबती ड्रायव्हर रोज खुशाल पाठ करून बसे! दिवाणांच्या भाच्याला ड्रायव्हर व्हायचं होतं, हा निव्वळ योगायोग.

महाराजांनी हुकूम सोडला, "हैबती, गाडीला आरसा लाव. मान न वळवता आमच्या पाठीमागे काय चालतं ते आम्हाला दिसलं पाहिजे. आणि तुझी पाठ आमच्याकडे नको! उद्या जमलं नाही, तर चावी दिवाणांच्या भाच्याकडे."

"सरकार, पाठ न करता गाडी हाकू कशी?"

"उलटी हाक!" दिवाणांनी सुचवलं.

मोठ्या मनाने त्यांनी खजिन्यातले आरसेही धाडले. एकाच्या चांदीच्या चौकटीवर इतके मोर, की काच शोधावी लागे. दुसरा उचलायलाच चार माणसं हवीत. हैबतीने नमस्कार करून सगळे परत पाठवले आणि बाजारातून साधा वाटोळा आरसा आणून गाडीत समोरच्या काचेशी लावला.

सकाळी त्याने महाराजांसाठी पुढचं दार उघडलं.

"आम्ही ड्रायव्हरशेजारी?" महाराज कडाडले.

"चूक माझीच, सरकार! सरकारांच्या पुढे कुणी बसतं का? अन् मी गाढव रोज बसत होतो!"

अरेच्चा! हा अपमान तर महाराजांच्या ध्यानातच आला नव्हता. ते तडक पुढे बसले. मागची गादी दिवाणांना मिळाली. हैबतीने आरसा महाराजांकडे वळवला आणि गाडी सोडली.

मागे दिवाण मजेत होते. गाल फुगवून, नसलेल्या मिशीला पीळ देत ते महाराजांची नक्कल करत होते.

"दिवाणजी," महाराज समोर बघतच म्हणाले, "मिशी आम्ही उजव्या हाताने पिळतो. डाव्या नव्हे!"

"उजव्यानेच पिळतोय, सरकार! आरशात उलटं दिस..."

दिवाणांचा हात ओठावरच थिजला.

"हैबती! हा कसला आरसा आणलास?" दिवाण ओरडले.

"सरकारांनी पाठीमागे काय चालतं ते दाखव म्हटलं होतं. रस्त्याचं नाव कुठं काढलं होतं?"

महाराज इतके हसले, की फेटा सुटून मांडीवर आला. तो त्यांनी हैबतीच्या डोक्यावर ठेवला, गाडीची चावी जन्मभरासाठी त्याच्याच नावे केली, आणि आरसा रोज पुसायचं काम दिवाणांना दिलं.