बांधलेला हात

एकदा खाडीच्या काठी, जेथे गलबते बांधली जात, तेथे एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यासह मुक्कामाला होता. शिष्य बुद्धिमान होता. रक्त गोठवणारे एक चूर्ण त्याने स्वतः, पुष्कळ खटपटीने सिद्ध केले होते. चांदीच्या डबीत घालून ते तो सदैव कमरेला बाळगी आणि त्याचा प्रभाव दाखवण्याची संधी केव्हा येते याची वाट पाही. वैद्याच्या हे ध्यानात आले होते.

एका दुपारी ती संधी आली. गलबताची फळी तासताना सोमा नावाच्या सुताराच्या हातून वाकस निसटला आणि त्या जड हत्याराचे पाते त्याच्याच मांडीत खोल रुतले. गलबताचा मालक, एक व्यापारी, जवळ उभा होता. त्याने आरडाओरड केली. शिष्य धावत आला, त्याने डबी उघडली आणि चूर्ण जखमेवर शिंपडले. उसळत्या रक्ताने ते तत्काळ वाहून नेले. त्याने पुन्हा शिंपडले, वर फडके ठेवले आणि लगेच उचलून पाहिले. रक्त वाहतच होते. सोमाचे ओठ पांढरे पडू लागले.

"मीठ भुरभुरवल्यासारखे काय करता? माणूस जातोय इथे!" व्यापारी म्हणाला.

तोवर वैद्य येऊन पोहोचला. त्याने धुतलेल्या धोतराची लांब पट्टी फाडली, तिला चूर्ण चोळले आणि रक्त जेथून उसळत होते तेथपर्यंत बोटाने ती जखमेत ठासत नेली. सोमा कळवळला. तशातही तो म्हणाला, "वैद्यबुवा, मला गलबत समजलात काय? फटीत कापूस कोंबावा तसे कोंबताय!"

"गळते आहे, म्हणून कोंबतो," वैद्य म्हणाला. मग शिष्याचा तळवा धरून त्याने जखमेवर ठेवला. "दाब. सगळा भार टाक."

शिष्याने भार टाकला. परंतु थोड्याच वेळात त्याला राहवेना. चूर्ण लागू पडले की नाही? त्याने तळवा किंचित उचलून, पट्टीचे टोक ओढून पाहिले. रक्ताची धार पुन्हा उसळली आणि पट्टी भिजून सैल पडली.

वैद्याने डबीतले उरलेसुरले चूर्ण नव्या पट्टीला चोळून ती तशीच खोल ठासली. शिष्याचा तळवा पुन्हा जखमेवर दाबला. आणि खांद्यावरचे उपरणे काढून तो हातच सोमाच्या मांडीशी घट्ट बांधून टाकला.

व्यापाऱ्याला अशा वेळीही हसू आवरले नाही. "जखम बांधतात हे ऐकून होतो, बुवा. वैद्याला बांधतात हे आज पाहिले!"

शिष्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, पाहिल्यावाचून कळणार कसे?"

"तुला कळण्याची काय घाई आहे? तू दाब."

ओहोटी लागून काठाचा चिखल उघडा पडू लागला, तरी वैद्याने गाठ सोडली नाही. सोमाचे पाऊल गार पडत नाही ना, एवढे तो मधूनमधून हात लावून पाही. अखेरीस त्याने उपरणे सोडले. पट्टीखालून आता रक्त येत नव्हते. ती न काढता त्याने वरून घट्ट बंध दिला, जखम शिवणाऱ्या शल्यवैद्याकडे नेण्यासाठी सोमाला गाडीत घातले आणि गाडीवानाला बजावले, "वाटेत कोणीही पट्टी काढून पाहायची नाही."

गाडी गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, माझ्या चूर्णात काही दोष होता काय?"

"चूर्ण उत्तम आहे. परंतु आपली माणसे म्हणतात, रक्त साखळले. शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी पाहावी; मला त्यात साखळी ऐकू येते. कडीत कडी अडकावी तसे रक्त स्वतःलाच अडवते. तुझे चूर्ण त्या कामाला वेग देते, तेही जखमेच्या तळाशी पोहोचले तर. पण कड्या जुळेपर्यंत कोणाला तरी निश्चल राहावे लागते. तू हात उचललास, तेव्हा जुळत आलेली साखळी तोडलीस. आणि कशासाठी? सोमा वाचतो की नाही हे तू पाहत नव्हतास. तुझे चूर्ण जिंकते की नाही, हे पाहत होतास."

खाडीवर जाऊन शिष्याने ते उपरणे बराच वेळ धुतले.

सोमा वाचला. गलबत पाण्यात उतरण्याच्या दिवशी तो काठी टेकीत काठावर आला. व्यापारी शिष्याला म्हणाला, "तुमचे ते चूर्ण द्या. लांबचा प्रवास आहे, गलबतावर असू द्यावे."

शिष्याने चूर्णाने भरलेली डबी दिली, पट्ट्यांची गुंडाळी दिली आणि वर ते उपरणे घडी करून ठेवले. धुऊनही त्यावर तपकिरी डाग राहिला होता.

"हे कशाला? जखम बांधायला?"

"नाही," शिष्य म्हणाला, "हात बांधायला."