विजयिनीची बारावी शर्यत

पूर्वी शाकल नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी घोड्यांचा पारखी होता. तो म्हातारा झाला होता आणि त्याचे गुडघे दुखत.

राजाच्या लग्नाला वर्ष झाले होते. राणीबरोबर तिच्या माहेरून एक करडी घोडी आली होती. रिवाजाप्रमाणे राणीचे नाव बदलले, आणि त्याच मुहूर्तावर घोडीचेही. घोडीचे नाव ठेवले विजयिनी. ती अकरा शर्यती पळाली आणि अकराही हरली.

राजा बोधिसत्त्वाला म्हणाला, "सासऱ्यांनी नको ते जनावर गळ्यात बांधलं. हिच्या रक्तातच खोट आहे, एवढं लोकांसमोर सांगा. हिला चुन्याच्या भट्टीवर गाडी ओढायला धाडतो, आणि अश्वशाळेचे प्रमुख तुम्ही."

राणी शेजारीच बसली होती. या घरात ती 'हो' याखेरीज फारसे बोलत नसे. हातातला अडकित्ता मात्र थांबला.

"आधी बघू तर द्या," बोधिसत्त्व म्हणाला.

तीन दिवस त्याने घोडीचे दात पाहिले, खूर पाहिले, पळून आल्यावर श्वास मोजला. खोट सापडेना. चौथ्या दिवशी सरावात त्याला दिसले, की शेवटच्या टप्प्यात घोडे सांभाळणारे मोतद्दार नावाने हाक मारतात तेव्हा प्रत्येक घोडा कान टवकारतो. विजयिनीचे कान हलतच नाहीत. जणू हाक शेजारणीला आहे.

त्याने राजाला विचारले, "हिला माहेरी काय म्हणत?"

"कोणाच्या लक्षात आहे!"

"भिंगरी," राणी म्हणाली.

राजा हसला. "राजाची घोडी की जत्रेतलं खेळणं?"

बाराव्या शर्यतीला बोधिसत्त्वाने राणीला शर्यत संपते त्या निशाणाअलीकडे कठड्यापाशी उभे केले. घोडी नेहमीसारखी मागे होती. मोठ्याने बोलायची सवय गेली होती, तरी राणीने हाक मारली, "भिंगरे!"

घोडीचे कान उभे राहिले. तिने चार घोडे मागे टाकले, मग पाचवाही. निशाण दहा पावलांवर असताना ती वळली, कठड्यापाशी आली आणि राणीच्या तळहातात तोंड घालून उभी राहिली.

लोक पोट धरून हसले. बारावी हार.

"आता तरी सांगा खोट," राजा म्हणाला.

बोधिसत्त्व सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "खोट नाही, महाराज. दम आहे, पाय आहेत. हाक येते तिथे ती पोचते. निशाणानं तिला कधी हाक मारली नाही. दमली आहे ती, तिला चरायला सोडा. आणि प्रमुखपद दुसऱ्या कोणाला द्या."

घोडी भट्टीवर गेली नाही. परतताना राजाने राणीला विचारले, "तुला माहेरी काय म्हणत?"

"उद्या सांगते," राणी म्हणाली. "आज दमले."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली. एक नवी भिक्षुणी दीक्षेच्या नावाला ओ देत नाही, तिला घरी पाठवा, अशी तक्रार आली होती. शास्ते म्हणाले, "ती घोडी म्हणजे हीच. राणी म्हणजे तिला कोपराने ढोसून जागी करणारी तिची मैत्रीण. राजा म्हणजे तक्रार घेऊन आलेली थोरली भिक्षुणी. आणि पारखी मीच होतो." ही सत्यपारमिता, म्हणजे सत्य बोलण्याची पराकाष्ठा.