दोरातला दुसरा धागा

फार फार पूर्वी सह्यगिरीच्या कुशीत गिरिपद्र नावाचं एक नगर होतं आणि तिथं विण्हुसेन राजा राज्य करत होता. त्या काळी बोधिसत्त्वानं एका साध्या दोरकऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचं नाव इसिपाल. आता बोधिसत्त्व म्हटलं की तुम्हाला वाटणार, राजाचा अमात्य असेल, नाहीतर सोनेरी रंगाचं हरीण असेल. तसलं काही नाही. ह्या जन्मी तो दोर तपासायचा.

हे काम लहान समजू नका. गिरिपद्राभोवती उंच उंच कडे होते आणि कड्यांच्या पोटाला आग्या माश्यांची पोळी लागत. फाल्गुन आला की मध काढणारे कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरत. तिथली रीत अशी की वर दोर धरायला बायकोचा भाऊच उभा राहायचा. आपली बहीण विधवा व्हावी असं कोणत्या भावाला वाटेल? पण भावानं कितीही घट्ट धरलं तरी दोरच मध्ये तुटला, तर तो बिचारा काय करणार? म्हणून श्रेणीनं, म्हणजे सगळ्या दोरकऱ्यांनी मिळून, इसिपालला नेमलं होतं.

नगराबाहेर दोन पुरुष उंचीचा एक लहानसा कडा होता आणि त्याच्याखाली भाताच्या पेंढ्याचा ढीग घातलेला असे. दोरकऱ्यानं दोर आणले की इसिपालनं त्यातला मनाला येईल तो एक उचलायचा, वरच्या झाडाला बांधायचा आणि स्वतः त्यावरून उतरायचं. उतरताना तीन हिसके द्यायचे. दोर टिकला तर त्या खेपेच्या प्रत्येक दोराच्या टोकाला लाख लावून शिक्का उठवायचा. शिक्का नसलेल्या दोराला मध काढणारे हात लावत नसत.

नगरातला सगळ्यांत जुना दोरकरी नंदणक. प्रत्येक दोरकरी आपल्या दोरात एक रंगीत धागा वळायचा, म्हणजे माल कोणाचा ते कळे. नंदणकाचा धागा निळा. निळा धागा दिसला की मध काढणारे निर्धास्त होत. इसिपालला दोर वळायला आणि पारखायला नंदणकानंच शिकवलं होतं. ‘पीळ डोळ्यांनी बघू नकोस रे, अंगठ्यानं बघ,’ असं म्हणून त्यानं ह्या पोराचा अंगठा आपल्या हातात धरून दोरावरून फिरवला होता.

त्या वर्षी भाद्रपदात नंदणकाची बायको वेण्णा तापानं गेली. म्हातारा अगदी एकटा पडला. तरी माघात त्यानं सोळा दोर डोक्यावर घेऊन आणले. इसिपालनं एकावरून अंगठा फिरवला. पीळ एकसारखा, तागाचा वाख, म्हणजे तंतू, पांढराशुभ्र, मऊ. म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा बघून त्याला भडभडून आलं. त्यानं सोळाच्या सोळा दोरांवर शिक्का उठवला आणि म्हणाला, “बाबा, जेवून जा.”

कड्यावरून तो उतरलाच नाही. खरं सांगायचं तर नंदणकाच्या दोरावरून तो गेली कित्येक वर्षं उतरला नव्हता. गुरूच्या दोराला हिसका द्यायचं त्याच्या जिवावर यायचं. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झालं? तोही अजून वाटेवरच होता.

फाल्गुनात एका दुपारी इसिपाल अंगणात बसला होता. प्रत्येक खेपेच्या दोराचा चार हातांचा तुकडा तो घरी ठेवून घ्यायचा. त्यातलाच माघातल्या खेपेचा एक घेऊन त्याच्या बायकोनं वासरू खुंटाला बांधलं होतं. गाय हंबरली, वासरानं उडी मारली आणि दोर तुटला.

“अहो, हे बघितलंत का!” ती हसत म्हणाली. “तुमच्या गुरूंचा दोर आपल्या पाडसानं तोडला की!”

इसिपालनं तुटलेलं टोक हातात घेतलं. वाख लांब लांब तंतूंनी फाटायला हवा होता. तो आखूड आखूड तुटला होता. त्यात निळा धागा होता. तेच सोळा दोर आता मध काढणाऱ्यांच्या घरी होते आणि उद्या सकाळी ते कड्यांवर जाणार होते.

तो तसाच धावत श्रेणीच्या प्रमुखाकडे, वीरणक श्रेष्ठीकडे गेला. श्रेष्ठीनं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

“हे बघ इसिपाल, दोर परत घे, पण बोभाटा नको. शिक्का चुकतो असं एकदा लोकांना कळलं तर उद्या शिक्क्यावर विश्वास कोण ठेवील? सांगायचंच असेल तर सांग की म्हातारा थकला, त्याचे हात गेले. खोटं थोडंच आहे? बायको गेल्यापासून त्याचं चित्त ठिकाणावर नाही, सगळ्यांना माहीत आहे.”

“श्रेष्ठी, दोर त्यांचा आहे,” इसिपाल म्हणाला, “पण शिक्का माझा आहे. त्यांनी दोर मला दाखवायला आणला होता. बघायचं काम माझं होतं.”

“मग तुझं काम जाईल.”

“जाऊ दे. कोणाचे दाजी कड्यावरून पडण्यापेक्षा ते बरं.”

त्यानं दवंडी पिटवली. ऊन उतरायच्या आत सोळाही घरचे लोक दोर घेऊन लहान कड्यापाशी जमले. दवंडी ऐकून काठी टेकत टेकत नंदणकही आला. इसिपाल सगळ्यांसमोर उभा राहिला.

“ह्या दोरांवर माझा शिक्का आहे, पण मी ह्यांवरून उतरलो नव्हतो. गुरूचा दोर म्हणून तसाच शिक्का दिला. चूक माझी आहे. हे दोर घेऊन कोणी जाऊ नका.”

मग सिवक नावाचा तरुण पुढं आला. तो आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा दोर धरणार होता.

“उतरलाच नाहीत?” त्यानं विचारलं. “अहो, तुमच्या शिक्क्याच्या भरवशावर मी माझ्या बहिणीचा संसार टांगणार होतो! आणि तुम्ही उतरलाच नाहीत?”

“नाही उतरलो. आता उतरतो. तूच दोर निवड.”

सिवकनं रागारागानं आपल्याच दाजींचा दोर त्याच्यासमोर टाकला. इसिपालनं तो झाडाला बांधला, कमरेला गाठ मारली आणि कड्यावरून पाय सोडले. पहिला हिसका दोरानं सोसला. दुसऱ्या हिसक्याला तो तुटला. इसिपाल पेंढ्यावर आदळला आणि त्याचा खांदा निखळला.

सिवक सगळ्यांच्या आधी खाली धावला. त्याचा राग कुठल्या कुठं गेला होता. इसिपालला उठवून बसवताना तो रडत होता. वर झाडाला लोंबणाऱ्या तुकड्याकडं मात्र एकटा नंदणक बघत उभा होता. तुटक्या टोकातून त्याचा निळा धागा बाहेर आला होता. म्हातारा तसाच घरी गेला.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधलेला इसिपाल त्याच्याकडं गेला, तेव्हा नंदणक दोर वळायची फिरकी मोडून चुलीत घालायला निघाला होता.

“माझे हात गेले रे,” तो म्हणाला. “एवढी वर्षं लोक माझ्या दोरावर जीव टाकून होते आणि मी त्यांना मारायला निघालो होतो. आता कशाला जगायचं?”

इसिपाल त्याच्याशेजारी बसला. त्यानं झोळीतून दोराचा तुकडा काढला आणि म्हाताऱ्याचा अंगठा आपल्या हातात धरून त्यावरून फिरवला.

“बाबा, पीळ सांगा कसा आहे.”

म्हातारा बराच वेळ चाचपत राहिला. “पीळ चांगला आहे,” तो नवलानं म्हणाला.

“आणि पेड?”

“तिन्ही सारखे आहेत.”

“मग हात कुठं गेले? हात आहेत तसेच आहेत. दुसरंच काहीतरी चुकलंय. मला पहिल्यापासून सांगा. ताग कापला, मग?”

“मग पेंढ्या बांधून तळ्यात बुडवला, वर दगड ठेवले. बारा दिवस. माझ्या बापापासून बारा दिवस.”

“बाराव्या दिवशी बाहेर कोण काढायचं?”

“वेण्णा काढायची.”

“बाराव्याच दिवशी?”

“मी कुठं मोजायचो? ती हाक मारायची, झालं हो, या आता. मग मी जायचो.” तो आठवू लागला. “रोज सकाळी तळ्यावर जायची. पाण्यात हात घालायची, हुंगायची, एक काडी काढून बोटांत चोळायची. मी तिची थट्टा करायचो. काय गं, तळ्यात अत्तर सांडलंय का? ती म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं.”

इसिपालला उलगडा झाला. थंडीत ताग सावकाश भिजतो आणि उन्हाच्या दिवसांत लवकर. त्या वर्षी कार्तिकात ऊन कडक पडलं होतं. बारा दिवसांत वाख कुजून गेला होता. कुजलेला वाख पांढरा आणि मऊ दिसतो, आणि त्यावरच भलेभले फसतात. वेण्णेनं तो सातव्या-आठव्या दिवशीच काढला असता.

हे कळल्यावर म्हाताऱ्यानं तोंडावर हात घेतले.

“म्हणजे इतकी वर्षं दोर तिचा होता! लोक मला वाखाणायचे आणि ती चुलीपाशी बसून ऐकायची. कधी एका शब्दानं म्हणाली नाही रे. मीही कधी विचारलं नाही.”

“दोघांचा होता, बाबा,” इसिपाल म्हणाला. “आणि मीही विचारलं नाही. तिच्या हातचं किती वेळा जेवलो मी!”

मग इसिपालनं भात कालवला आणि म्हाताऱ्याला दोन घास खायला लावले.

परसात बराच ताग अजून रचलेला होता. त्यांनी तो तळ्यात बुडवला. रोज सकाळी दोघं तळ्यावर जाऊन पाणी हुंगायचे. इसिपालला नुसता चिखलाचा वास यायचा. नंदणकही मान हलवायचा. सहावा दिवस गेला. सातव्या दिवशी म्हाताऱ्यानं पाण्यात हात घातला, नाकाशी नेला आणि तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“हाच,” तो म्हणाला. “ताग काढायची त्या दिवशी तिच्या हातांना हाच वास यायचा. भाकरी वाढताना यायचा. मी नाक मुरडायचो. काढ, इसिपाला, काढ लवकर. झालं.”

त्या वाखाचे सोळा दोर झाले. इसिपालचा खांदा अजून दुखत होता, तरी तो नुसत्या एकावरून नव्हे, सोळाही दोरांवरून उतरला. प्रत्येकाला तीन हिसके दिले. वर दोर धरायला सिवक आपण होऊन उभा राहिला. प्रत्येक दोरात निळ्याशेजारी एक नवा पिवळा धागा होता. हा कोणाचा, असं लोकांनी विचारलं तेव्हा नंदणक म्हणाला, “वेण्णेचा. आधीपासूनच होता. मला दिसला नव्हता.”

राजाच्या कोठारात त्या वर्षी मध महिनाभर उशिरा पोचला. वीरणक श्रेष्ठीनं इसिपालला काढायचं ठरवलं होतं, पण मध काढणाऱ्यांनी ऐकलं नाही. सिवक म्हणाला, “आपला शिक्का चुकला असं जो आपण होऊन सांगतो, त्याच्याच शिक्क्यावर मी दाजींना सोडीन.” पुढं इसिपाल म्हातारा होईपर्यंत दोर तपासत राहिला. दोरकऱ्याच्या दारी गेला की दोर कसा केला हे तो विचारायचाच, पण तुमच्या घरात कोण कोण काय काय करतं, हे आधी विचारायचा.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली, त्याला कारण घडलं होतं. संघात वाटायची चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, तपासायचं काम सुदंत नावाच्या भिक्षूकडं होतं. आपल्या आचार्यांनी शिवलेली चीवरं त्यानं न उलगडताच पुढं दिली आणि ऐन थंडीत त्यांच्या शिवणी उसवल्या. सुदंतनं भर सभेत आपली चूक सांगितली. पण असल्या कामाला माणूस कसा हवा, यावर भिक्षूंचा वाद चालू झाला. कोणी म्हणे नजर हवी, कोणी म्हणे शिवणकाम यायला हवं, कोणी म्हणे भिक्षू म्हणून दहा वर्षावास तरी झालेले हवेत.

शास्ते म्हणाले, “ते सगळं हवंच. पण ते सगळं इसिपालकडंही होतं, आणि तरी दोर तुटला. तेव्हाचा नंदणक म्हणजे सुदंतचे हे आचार्य. सिवक म्हणजे हा सुदंत. दोर तपासणारा मीच होतो.”

“आणि वेण्णा, भगवन्?” सुदंतनं विचारलं.

“विहाराच्या दारापाशी बसून एक म्हातारी तुमच्या शिवणाच्या दोऱ्याला मेण लावून देते. ती. दोन महिने ती दिसलेली नाही, आणि ह्या चीवरांच्या दोऱ्याला मेण लागलेलं नाही. तिचं नाव काय?”

कोणालाच सांगता येईना. सुदंतचे आचार्य सगळ्यांत आधी उठले आणि त्यांच्यामागून सुदंत. दोघं दारातून बाहेर पडून तिचं घर शोधत गावाकडं निघाले.

अशी ही सत्यपारमितेची कथा.