शहाणा झालेला दांडगोबा

एका गावात एक पापडवाली राहायची, आणि त्या गावात मावणार नाही एवढा तिचा एक कुत्रा होता. माळावरच्या एका धनगराने दिलं तेव्हा ते पिल्लू तिच्या परातीत झोपायचं. पुढे ते वासराएवढं झालं, पण स्वतःला अजून परातीत मावणारंच समजत होतं. वळायला जावं तर शेपटीने तांब्या पडायचा, तांब्याच्या आवाजाला दचकून पळावं तर सूप उडायचं. पापडवालीने त्याचं नाव ठेवलं दांडगोबा.

घरात ती एकटीच होती. ती बाजारातून परत आली की दांडगोबा अंगणाच्या त्या टोकापासून धावत यायचा आणि दोन्ही पाय तिच्या खांद्यांवर टाकायचा. म्हणून ती डोक्यावरची पाटी आधी कुंपणाबाहेर उतरवायची, पाय घट्ट रोवायची आणि मगच फाटक उघडायची. तरी अधूनमधून आपटायचीच.

"मेल्या, एक दिवस जीव घेशील माझा!" ती ओरडायची. तो तिचं तोंड चाटायचा.

एका उन्हाळ्यात पाटलीणबाईंनी लेकीच्या रुखवतासाठी पापड सांगितले. पापडवालीने तांदळाचे चांगले ताटाएवढे पापड केले, अंगणात जुन्या लुगड्यांवर पसरले आणि पाणी प्यायला आत गेली. तेवढ्यात एक कावळा उतरला. दांडगोबाला वाटलं, राखण आपलीच. त्याने कावळ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत पिटाळलं, आणि मग त्या टोकापासून या टोकापर्यंत. पापडवाली बाहेर आली तेव्हा एकही पापड धड नव्हता. दांडगोबा मात्र नाकाला पापड चिकटवून, शाबासकीची वाट बघत उभा होता.

पापडवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याला घेऊन तडक माळावर धनगराकडे गेली.

"घे तुझं रत्न. याला शहाणा कर, नाहीतर ठेवून घे!"

"शहाणा करीन की बाई, त्यात काय?" धनगर म्हणाला. "पर बग हां. कुत्र्याला शिकवता येतं, शिकवल्यालं पुसता येत न्हाई."

"पुसायला कोण येतंय!" असं म्हणून ती निघाली. मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर राहवलं नसतं.

पावसाळा गेला, थंडी सरली आणि धनगराने दांडगोबाला आणून सोडलं. तो पापड घातलेल्या लुगड्यांना वळसा घालून चालला, शेपूट अंगालगत धरून सावलीत बसला. शेजारणींनी तोंडात बोटं घातली.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," एक म्हणाली, "पण याची गेली गं बाई!"

"माझ्या जावयाला धाडते आता त्या धनगराकडे," पाटलीणबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. पापडवालीही हसली.

पुढच्या बाजाराला ती गेली, परत आली. सवयीने पाटी बाहेर उतरवली, पाय रोवले, फाटक उघडलं.

कोणी आलं नाही. दांडगोबाने सावलीतूनच तिच्याकडे बघितलं, शेपूट एकदा जमिनीवर आपटली आणि मान पुढच्या पायांवर ठेवली. पापडवाली तशीच उभी राहिली. रोवलेले पाय आता उचलायचे कसे, तेच तिला कळेना.

एके दिवशी कावळा उतरला. "बघतोस काय? हाकल की त्याला!" ती म्हणाली. दांडगोबाने तिच्याकडे बघितलं, कावळ्याकडे बघितलं आणि बसून राहिला. कावळा सावकाश पापड घेऊन गेला.

पापडवाली त्याला घेऊन पुन्हा माळावर गेली. "माझा कुत्रा परत दे," ती धनगराला म्हणाली.

"तुज्या पायाशीच बसलाय की, बाई."

"हा नव्हे. माझा."

धनगर मेंढरांकडे वळला. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पापडवालीने अंगणभर पापड घातले. मग पदर खोचला आणि स्वतःच त्यांच्यावरून धावत सुटली. "ये दांडगोबा! ये रे!" ओले पापड पायाखाली पचापच फुटत होते. शेजारणी बाहेर आल्या. "हिला ऊन बाधलं की काय!"

दांडगोबा उठला. त्याची शेपूट थरथरली. तो लुगड्याच्या काठाशी आला आणि त्याने पुढचा एक पाय हळूच एका पापडावर ठेवला. पापडवाली धावायची थांबली. त्याने तिच्याकडे बघितलं, पाय मागे घेतला आणि खाली बसला.

ती चुरगळलेल्या पापडांत बसली आणि त्याच्या गळ्यात हात टाकून रडली. "मीच रे, मीच केलं हे." तो अगदी शांत बसला होता. पूर्वी त्याने तिला असं धड रडूही दिलं नसतं.

पावलाचा ठसा उमटलेला तो पापड तिने वाळवला, पण विकला नाही. बाजारातून परत आली की ती अजूनही पाटी कुंपणाबाहेर उतरवते, पाय घट्ट रोवते आणि मगच फाटक उघडते.

तात्पर्य: आपल्यावर जीव टाकणाऱ्याची खोड मोडायच्या आधी थोडं थांबावं. मोडलेली खोड पुन्हा जोडता येत नाही.