नाचणारीच्या पायाखालची जमीन

"पण गुरुजी, तुमच्या नाचणाऱ्या बायकांच्या पायाखाली जमीन का नसते?"

प्रिस्कसनं हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारे हेर्मोन रंग खलत राहिले.

रोमजवळच्या त्या गावात भिंत रंगवावी तर हेर्मोननीच, असं लोक म्हणत. मद्याचा देव बाकस, त्याच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या बायका ते काढत. वस्त्रं वाऱ्यावर, पाय अधांतरी.

प्रिस्कस त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं, हीच तर पंचाईत!

"मी काढलीय जमीन," तो म्हणाला. "गवत काढलंय, सावली काढलीय. येऊन बघाच."

भिंत त्याच्याच घरातली होती आणि नाचणारी होती त्याची लेक, तुल्ला. चार वर्षांची पोर. थंडीत ताप आला आणि तीन दिवसांत गेली.

बाप काम करायचा तेव्हा उजव्या हातात कुंचला आणि डाव्या कडेवर ती. एरवी गुपचूप बसायची. रस्त्यात बासरी वाजली की मात्र पाय झाडायची, खाली उतरून नाचायचं म्हणून. तो म्हणायचा, थांब गं, एवढा रंग होऊ दे...

हेर्मोन आले. त्यांनी भिंत पाहिली. तोंड, केस, हातातली डफली, सगळं हुबेहूब.

"नाचत नाहीये रे."

"नाचत नाही?" प्रिस्कस भडकला. "टाच उचललीय की! डोळे फुटले का तुमचे?"

बोलला आणि जीभ चावली.

"उभी आहे," हेर्मोन म्हणाले.

ते त्यालाही दिसत होतं, म्हणून तर राग आला होता. दोनदा गिलावा खरवडून त्यानं तिला पुन्हा काढली होती. रंग धरतो तो ओल्या गिलाव्यावरच, आणि हाही आता सुकत आला होता.

"तिची आई या खोलीत पाऊल टाकत नाही," तो म्हणाला. "म्हणते, नाचताना दिसली तरच येईन. काय चुकतंय सांगा ना... पाया पडतो तुमच्या."

"जमीन पुसून बघ."

"नाही!"

"का?"

"पडेल ना हो ती!"

आणि एवढा मोठा बाप्या ढसाढसा रडायला लागला.

हेर्मोननी भिंतीवरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

मग जवळ आले. प्रिस्कसच्या उजव्या हातात कुंचला होता. डावा हात कोपरात वाकून कमरेशी घट्ट धरलेला. लेक गेली तेव्हापासून तो तसाच काम करत होता, आणि त्याचं त्याला ठाऊकही नव्हतं.

हेर्मोननी ते कोपर हलकेच हातात घेतलं.

"जमीन राहू दे... आधी हिला कडेवरून उतरव."